वैयक्तिक गतीच्या शिक्षणावरील परिषदेला जाताना

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण अक्राणी तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवता, पहिली ते पाचवीची मिळून ३८ मुले आहेत, त्यांची घरची भाषा पावरी आहे आणि मोबाइलला रेंज हवी असेल तर शाळेमागची टेकडी चढावी लागते. पुण्यात ‘पर्सनलाइज्ड लर्निंग’, म्हणजे प्रत्येक मुलाच्या गतीनुसार शिक्षण, या विषयावर दोन दिवसांची परिषद होणार असून तिचे निमंत्रण आपल्याला आले आहे. नोंदणीचे तीन हजार रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र आपल्यालाच करायचा आहे. या परिषदेतून वर्गाला खरोखर काही मिळेल का, तिथे नेमके काय पाहावे, आणि एक संस्था शाळेला आठ टॅबलेट देऊ करते आहे ते घ्यावेत का, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी सोळा वर्षे प्राथमिक शिक्षक आणि नंतर अकरा वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे जवळच्या काही शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक होतो. या काळात अशा परिषदांना श्रोता म्हणून गेलो, दोनदा बोलायलाही गेलो आणि तिथून परतलेल्या शिक्षकांच्या वर्गांत पुढे काय घडले तेही पाहत आलो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आपल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. एका खोलीत तीन इयत्ता बसलेल्या आहेत, चौथीतील एक मूल अजून जोडाक्षरापाशी अडखळते आहे, शेजारी बसलेले दुसरीतील मूल गोष्ट सलग वाचते आहे आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे. अशा वेळी पुढचे काम कोणाला कोणते द्यायचे, हे शिक्षकाने कशाच्या आधारावर ठरवायचे? वैयक्तिक गतीच्या शिक्षणाचा सगळा विषय या एका निर्णयाभोवती फिरतो. परिषदेत त्याला वेगवेगळी नावे दिली जातील, आलेख दाखवले जातील, उपकरणे मांडली जातील. पण प्रत्येक ठिकाणी आपण एवढेच विचारत राहा की, या मुलाने आता काय करायचे हे इथे कोण ठरवते आणि मुलाची कोणती कृती पाहून ठरवते. ज्यांच्याकडे याचे स्पष्ट उत्तर असेल त्यांच्यापाशी थांबा.

जावे की नाही, हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. गटशिक्षणाधिकारी ही रजा कर्तव्यार्थ म्हणून मंजूर करतात की आपली किरकोळ रजा खर्ची पडते, याबाबत तालुक्यातालुक्यांत फरक दिसतो. तोंडी होकारावर न जाता लेखी परवानगी घ्यावी. त्याच दोन दिवसांत आपले सहकारी प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला जाणार असतील, तर शाळा वाऱ्यावर सोडून परिषदेला जाण्यात अर्थ नाही. शुल्क आणि प्रवास मिळून घरखर्चाला कात्री लागणार असेल, तर आयोजकांना तसे सरळ कळवून शुल्कमाफी मागावी. दुर्गम भागातील शिक्षकांसाठी काही जागा राखून ठेवणारे आयोजक मी पाहिले आहेत, आणि मागण्यात कमीपणा नाही. यातले काहीच जमले नाही, तरी फार मोठे नुकसान झाले असे समजू नका. आपल्या केंद्राची मासिक शिक्षण परिषद किंवा चांगले काम चालू असलेल्या एखाद्या शाळेत घालवलेला पूर्ण दिवस यांतूनही हेच शिकता येते. ज्ञानरचनावादी पद्धतीचे, म्हणजे मुले स्वतः कृती करून शिकतात असे वर्ग पाहण्यासाठी साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या गटातील) शाळांत राज्यभरातून शिक्षक गेले, तेव्हा त्यांना भाषणांपेक्षा फरशीवर आखलेल्या चौकटींतून आणि तिथे बसून काम करणाऱ्या मुलांकडून अधिक मिळाले, हे परतलेल्यांनीच मला सांगितले आहे.

परिषदेचा दर्जा कार्यक्रमपत्रिकेवरून बराचसा कळतो. वर्गात आजही शिकवणारे किती जण बोलणार आहेत ते मोजा. समांतर सत्रांच्या शीर्षकांत प्रायोजक कंपन्यांचीच उत्पादने असतील, तर तो मुख्यतः विक्रीचा मेळावा आहे हे ओळखा. प्रश्नोत्तरांना वेगळा वेळ ठेवला आहे का, मुलांच्या वह्या, उत्तरपत्रिका, चित्रे अशा गोष्टी कोणी मांडणार आहे का, हे आयोजकांना फोन करून विचारा. दोन दिवसांत असे एकही सत्र नसेल, तर मी जाणार नाही.

जायचे ठरले, तर तयारी निघण्याच्या आठवडाभर आधी वर्गातच करायची आहे. आपल्या ३८ मुलांची वाचनपातळी एकेकाला जवळ बसवून पाहा. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची रीत यासाठी पुरेशी आहे: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटे लागतात, त्यामुळे तीन दुपारींत काम होते. इयत्ता बाजूला ठेवून मुले पातळीनुसार एका कागदावर लिहा. हा कागद परिषदेत आपल्या हातात असला पाहिजे, कारण तो हाती असला की ऐकलेले प्रत्येक वाक्य आपण आपोआप त्या यादीवर लावून पाहता.

गणितासाठी एकच उदाहरण सांगतो, पण जरा विस्ताराने सांगतो, कारण विषयाचा गाभा त्यात आहे. तिसरीच्या एका वर्गात मी ५२ − २७ ही हातच्याची वजाबाकी फळ्यावर दिली होती. दोन मुलींनी पाटीवर ३५ लिहिले. उत्तर दोघींचे सारखेच आणि चूकही एकच असावी असे समजून मी दोघींना एकत्र बसवले, हातच्याची रीत पुन्हा समजावली आणि आणखी पाच उदाहरणे दिली. एकीची गाडी सुरळीत चालू लागली, दुसरी होती तिथेच राहिली. मग मी एकेकीला शेजारी बसवून मोठ्याने बोलत वजाबाकी करायला सांगितले. पहिली म्हणाली, ‘दोनातून सात जात नाहीत, दशक घेतला, बारा झाले, बारातून सात गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ तिने दशक घेतला होता, पण पाचाचे चार करायचे राहिले होते. दुसरी म्हणाली, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ वरची संख्या कोणती आणि खालची कोणती याच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते; मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच तिला ठाऊक होते.

या दोघींना लागणारी मदत अगदी वेगळी होती. पहिलीला दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडायला लावला आणि उरलेले गठ्ठे मोजून लिहायला लावले, तेवढ्याने तिचे भागले. दुसरीबरोबर मला ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या इथपासून सुरुवात करावी लागली, आणि त्यात दोन आठवडे गेले. तेव्हाच माझ्या लक्षात आले की उदाहरणच चुकीचे निवडले होते. एककाच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, तर या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन थांबतात. त्याऐवजी ५३ − २७ दिले असते, तर दशक कमी करायला विसरणारे मूल ३६ लिहिते, मोठ्यातून लहान वजा करणारे मूल ३४ लिहिते, आणि पाटीकडे पाहताच शिक्षकाला फरक कळतो. एका अंकाच्या बदलाने चाचणी निदान करू लागते. म्हणून आपल्या मुलांना ५३ − २७ द्या, चुकलेली उत्तरे मुलांच्या नावांसह टिपा आणि त्यांतील दोन पाट्यांचे फोटो जवळ ठेवा. उपचारात्मक अध्यापनाच्या फायली भरण्यात आपल्या सगळ्यांचीच वर्षे गेली आहेत. निदान असे नेमके असेल, तरच तो उपचार मुलापर्यंत पोचतो, हे मी पूर्ण खात्रीने सांगू शकतो.

आता परिषदेतील भाषणांकडे वळू. उद्घाटनाच्या सत्रात बहुधा अमेरिकी शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या लेखाचा उल्लेख येईल. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक देऊन, एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढे न जाता शिकवले, तर त्या गटातील सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, म्हणजे सुमारे दोन प्रमाण विचलनांचा फरक पडतो (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप), असे त्यांनी मांडले होते. या आकड्याने चाळीस वर्षे लोकांना भुरळ घातली आहे. तो ज्या प्रयोगांतून आला ते थोड्या आठवड्यांचे आणि मर्यादित घटकांवरचे होते. २०११ मध्ये संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाने एकट्याला शिकवण्याचा परिणाम ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ०.७९ प्रमाण विचलन इतका निघाला. हाही परिणाम मोठाच आहे. पण ‘आमचे अ‍ॅप म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक’ असे म्हणत कोणी ९८ टक्क्यांचा आकडा पुढे केला, तर ते उत्पादन वापरणाऱ्या मुलांची स्वतःची मोजणी दाखवा, असे विनयाने सांगावे.

आपल्या परिस्थितीला जवळचा पुरावा भारतातच आहे, आणि त्याची सुरुवात मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत झाली. ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमात वस्तीतील शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळे घेऊन बसत असे आणि मूलभूत वाचन व अंकगणित करून घेत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा या कामाची पुष्कळ चर्चा झाली. बालसखीकडे कोणतेही यंत्र नव्हते. मूल जिथे आहे तिथून शिकवायचे आणि इयत्तेपेक्षा पातळीनुसार गट करायचा, एवढाच त्यामागचा विचार होता. वैयक्तिक गतीचे शिक्षण म्हणजे प्रत्येक मूल आपापल्या पडद्यासमोर एकटे बसलेले, असे चित्र परिषदेत वारंवार समोर येईल. त्या वेळी बालसखीभोवती बसलेला हा गट आठवावा.

यंत्राच्या बाजूनेही चांगला पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीचा दिल्लीत झालेला अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलेले होते. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत साडेचार महिने आल्यानंतर गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन इतका फायदा दिसला. हे आकडे स्टॉलवर दाखवले जातात. त्यातील दोन तपशील मात्र फारसे कोणी बोलून दाखवत नाही, आणि आपल्याला तेच महत्त्वाचे आहेत. पहिला असा की ९० मिनिटांतील निम्मा वेळ मुले संगणकावर असत आणि उरलेली ४५ मिनिटे एका साहाय्यकाबरोबर लहान गटात शिकत. म्हणजे दिसलेला परिणाम यंत्र आणि माणूस या दोघांचा मिळून आहे. दुसरा असा की गणितातील ही वाढ शाळेच्या इयत्तानिहाय परीक्षेत उमटली नाही, कारण मुले जे शिकली ते त्यांच्या इयत्तेच्या खूप खालचे होते. चौथीतील मूल आपल्या हातून तीन महिन्यांत शब्दांवरून परिच्छेदावर येईल, पण नियतकालिक मूल्यांकन चाचणीत त्याचे गुण कदाचित जिथल्या तिथे राहतील आणि तपासणीला आलेले अधिकारी तेच गुण पाहतील. म्हणून परिषदेनंतर काहीही सुरू करण्याआधी आपली पातळीनिहाय यादी तारखेसह मुख्याध्यापकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या समोर ठेवून द्यावी. मूल पुढे सरकले हे दाखवायला तीच उपयोगी पडेल.

एका बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, ते सांगितले पाहिजे. अशाच एका परिषदेत मी ऐकले की काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी आणि काही हातांनी, आणि प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवले तर शिक्षण वैयक्तिक होते. मी परत येऊन प्रश्नावली भरून घेतली आणि वर्गाचे तीन गट केले. ‘कानांनी शिकणाऱ्या’ गटातील एका मुलाला वर्षभर वाचनाचा सराव इतरांपेक्षा कमी मिळाला, आणि नेमकी त्यालाच त्याची सर्वांत जास्त गरज होती. पुढे कळले की हॅरॉल्ड पाश्लर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधन तपासले होते आणि शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकणे होते याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला होता. काड्यांचे गठ्ठे, चित्रे, गाणी हे सगळे वापरावेच, पण सगळ्या मुलांसाठी वापरावे. अध्ययनशैलीवर सत्र असेल, तर तो वेळ शिक्षकांशी बोलण्यात घालवावा.

आपल्या शाळेसाठी मला सर्वांत मोलाचे वाटते ते बहुवर्ग अध्यापनाचे काम. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेच्या ग्रामीण शाळांत एकाच शिक्षकापुढे अनेक इयत्ता, हीच रोजची स्थिती होती. तिथे अभ्यासक्रम लहान टप्प्यांत फोडून त्याची एक शिडी भिंतीवर लावली गेली. प्रत्येक टप्प्याची कार्डे असतात, त्यांवर ओळखचिन्ह असते, आणि आपण शिडीवर कुठे आहोत व पुढचे कार्ड कोणते, हे मूल स्वतः पाहून उचलते. काही गट शिक्षकाच्या पूर्ण मदतीने काम करतात, काही सोबतच्या मुलांच्या मदतीने आणि काही मुले एकटी. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ पासून यातून कृतियुक्त अध्ययनाची पद्धत घडवली आणि पुढे ती तमिळनाडूभर गेली. मोठ्या प्रमाणावर जाताना तिच्यातही अडचणी आल्या: कार्डे आली, पण काही ठिकाणी मुले नुसती कार्डे पुरी करू लागली आणि शिक्षक नोंदी करण्यात अडकले. परिषदेत बहुवर्गावर एखादे सत्र असेल, तर इतर सर्व सोडून तिथे बसा आणि विचारा की, एका मुलाबरोबर शिक्षक दहा मिनिटे बसलेला असताना उरलेली मुले काय करत असतात, आणि शक्य असल्यास त्या दहा मिनिटांचे चित्रीकरण त्यांना दाखवायला सांगा.

स्टॉलवर गेल्यावर माहितीपत्रक घेण्याआधी यंत्र स्वतः हाताळा. प्रात्यक्षिक दाखवणारी व्यक्ती नेहमी बरोबर उत्तरे देत पुढे जाते; आपण मुद्दाम चुकीची द्या. वजाबाकीत तीनदा ‘मोठ्यातून लहान’ ही चूक करा, म्हणजे ५३ − २७ ला ३४, ६१ − ३८ ला ३७, असे. मग पाहा: प्रणाली नुसते ‘चूक’ म्हणून त्याच धाटणीचे सोपे उदाहरण देते, रीत सांगणारी तीच चित्रफीत पुन्हा दाखवते, की स्थानिक किमतीकडे मागे नेते? तिसरी गोष्ट करणारी प्रणाली क्वचित भेटते, आणि भेटली तर तिचे नाव टिपून ठेवण्यासारखे आहे. शिक्षकाला काय दिसते तेही उघडायला सांगा. ‘७२ टक्के’ असा आकडा दिसत असेल तर त्याचा उद्याच्या तासाला उपयोग नाही. ‘या चार मुलांचे दशक कमी करायचे राहते’ असे दिसत असेल तर आहे. त्यानंतर वायफाय बंद करायला लावा आणि ते चालते का पाहा.

मुलांच्या माहितीबद्दल विचारायला संकोच करू नका. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. मुलाचे नाव, फोटो, आवाज कुठे साठतो, परवाना संपल्यावर त्याचे काय होते, हे लेखी मागावे.

भाषेचा मुद्दा मी शेवटाकडे आणला असला, तरी आपल्या शाळेत तो पहिला आहे. मराठी आवाज असलेले अ‍ॅपसुद्धा पावरी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला परक्या भाषेतच शिकवते. ते मूल चुकले, तर त्याला गणित येत नाही की प्रश्न कळला नाही, हे यंत्राला समजत नाही. ‘किती उरले’ हे पावरीत विचारून तुम्हाला मात्र एका वाक्यात समजते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. मुलाच्या गरजेनुसार शिक्षण म्हणताना त्याच्या भाषेचे काय, हा प्रश्न परिषदेत भर सभेत उभे राहून विचारा. तो विचारणारी आपण कदाचित एकटीच असाल, पण सभागृहातील निम्म्या लोकांना तो ऐकण्याची गरज असते.

इथवर जे सांगितले ते थोडक्यात असे: पातळीनिहाय यादी आणि मुलांच्या चुकांचे फोटो घेऊन जा, बहुवर्गाचे सत्र गाठा, स्टॉलवर चुकीची उत्तरे देऊन पाहा, आणि शिकवणाऱ्या दोन-तीन शिक्षकांचे क्रमांक घेऊन या. परतल्यावर एकच गोष्ट निवडा. माझ्या केंद्रातील जे शिक्षक परिषदेतून पाच-सहा कल्पना घेऊन आले, त्यांच्या वर्गात दिवाळीनंतर त्यातली एकही उरलेली मला आढळली नाही. ज्या एका शिक्षिकेने फक्त ‘रोज पहिला तास इयत्ता मोडून पातळीनुसार बसायचे’ एवढेच धरले, तिच्या वर्गात ते वर्ष सरताना सगळी मुले किमान परिच्छेद वाचत होती. सहा आठवडे तो एक तास पाळा, दर दोन आठवड्यांनी तीच चाचणी घ्या, गट बदला आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत आकडे मांडण्याऐवजी दोन मुलांच्या पाट्या दाखवा. आपल्या सहकाऱ्यांना सुरुवातीपासून बरोबर घ्या; द्विशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक बाजूला राहिला, तर पातळीनुसार गट टिकत नाहीत.

आता टॅबलेटबद्दल. एका शाळेत मी लोकवर्गणीतून आठ टॅबलेट घेण्यासाठी पुढाकार घेतला होता. वर्षाने अ‍ॅपचा परवाना संपला, नूतनीकरणाची रक्कम ग्रामस्थांना पुन्हा मागण्याचे धाडस मला झाले नाही, दोन टॅबलेटच्या बॅटऱ्या फुगल्या आणि उरलेले कपाटात गेले. वर्गणी देणाऱ्यांत मजुरी करणारी माणसे होती, आणि त्याची टोचणी मला आजही आहे. म्हणून संस्थेला होकार देण्यापूर्वी तीन वर्षांचा परवाना, दुरुस्ती, चार्जिंगची सोय आणि ऑफलाइन चालणारे साहित्य, या चारही गोष्टी करारात मागा. हे मान्य झाले, तर टॅबलेट घ्या आणि स्वतंत्र काम करणाऱ्या गटाला द्या, म्हणजे तेवढा वेळ आपल्याला अडलेल्या मुलांजवळ बसता येईल. संस्था निधीचा उपयोग बदलायला तयार असेल, तर माझी सूचना वेगळी आहे. आठ टॅबलेटच्या रकमेत गावातील बारावी झालेल्या, पावरी बोलणाऱ्या एखाद्या मुलीला रोज दोन तासांचे मानधन वर्षातले किती महिने देता येईल, याचा हिशेब करून तो त्यांच्यासमोर ठेवा. परिषदेला निघण्यापूर्वी तिला एकदा शाळेत बोलवा, आपली ३८ नावांची यादी दाखवा आणि अक्षरापाशी अडलेल्या मुलांपैकी एकाला तिच्यासमोर बसवून पाहा.